कोकणातल्या जुन्या घरात मुक्काम: फोनपासून पानापर्यंत

कुलदैवताच्या दर्शनाला कोकणात आलेला माणूस पूर्वी उतरायचा तो उपाध्यांच्या घरी. सकाळी अभिषेक, दुपारी तिथंच पान आणि रात्री ओटीवर पथारी. गुहागरचा व्याडेश्वर, हेदवीचा दशभुजा गणेश, केळशीची महालक्ष्मी, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, हरिहरेश्वर या गावांत ही रीत अजून टिकून आहे, फक्त खोलीला कडी आणि जोडून बाथरूम आलं. खाली मालवण-वेंगुर्ल्याकडे हाताला चव असलेल्या घरांनी आधी जेवायला माणसं घेतली, मग राहायला. सावंतवाडीत तर राजवाड्याच्या आवारातही मुक्काम करता येतो.

राजवाडा सोडला तर या घरांचं एक सूत्र आहे: स्वयंपाक माणसं मोजून होतो. नारळ किती खवायचे, तांदूळ किती भिजत घालायचे, मासळी किती आणायची हे आदल्या संध्याकाळी ठरतं. ऐनवेळी मागितलं तर घरात ते नसतं आणि ‘नाही’ म्हणताना घरच्या बाईला आपल्याहून जास्त वाईट वाटतं. त्यामुळे इथला मुक्काम चांगला होणार की नाही, हे गाडीत बसण्यापूर्वीच बरंचसं ठरून गेलेलं असतं.

तारीख ठरवताना

गणपतीत जाऊ नका. भाद्रपदात मुंबई-पुण्याची सगळी भावकी घरी येते, माळ्यापर्यंत माणसं झोपलेली असतात आणि बहुतेक जुनी घरं तेवढे दिवस बाहेरचे पाहुणे घेत नाहीत. शिमग्यात पालखी घरोघर येते तेव्हाही हीच गत. एखाद्या घराने या दिवसांत खोली दिलीच, तर पाहुणा म्हणून वेगळी सरबराई होईल अशी अपेक्षा नको.

मासे खायचे असतील तर १ जून ते ३१ जुलै हा काळ टाळावा. राज्याच्या सागरी हद्दीत यांत्रिक नौकांना तेव्हा मासेमारीची बंदी असते. पुढे नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून होड्या लोटायची प्रथा आहे. जुलैत ताटात भलंमोठं पापलेट आलं तर ते बर्फातलं आहे असं समजा. त्या दिवसांत खरं खायचं ते वेगळंच: खाडीतल्या कुर्ल्या म्हणजे खेकडे, पहिल्या पावसात ओढ्याला चढणारे गोडे मासे, सुका बांगडा, कांद्यावर परतलेला सुका जवळा. मासळी सुरू होते तोवर बहुधा श्रावण लागलेला असतो आणि पुष्कळ घरांत श्रावणभर चुलीवर मासा चढत नाही. एरवीही सोमवार, गुरुवार, संकष्टी हे वार-तिथी पाळणारी घरं आहेत. दोनच दिवसांचा मुक्काम असेल आणि त्यातला एक सोमवार निघाला, तर अर्धी सहल आमटी-भातावर जाते.

शाकाहारी माणसाला उलट फेब्रुवारी ते जून म्हणजे पर्वणी. फेब्रुवारी-मार्चपासून ओल्या काजूची उसळ, मग कच्च्या फणसाची भाजी, एप्रिल-मे महिन्यांत हापूस, मे अखेरीला बरक्या फणसाची सांदणं. जून लागला की शेवळं, टाकळा, भारंगी, कुर्डू या रानभाज्या. मे महिन्यात मात्र पाण्याचा प्रश्न असतो. जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही, पावसाळ्यात तुडुंब भरलेली विहीर मेमध्ये तळ दाखवते. त्या महिन्यात आंघोळ बादलीने करायची आणि कपडे धुणं घरी गेल्यावर.

फेब्रुवारी ते एप्रिल या काळात वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात. नाना फडणवीसांचं हे गाव, आणि गावातल्या घरांतच पाहुण्यांची सोय होते: साधं घरगुती शाकाहारी जेवण आणि बऱ्याच घरांत जमिनीवर गाद्या. पिल्लं सकाळी लवकर आणि सूर्यास्ताच्या सुमारास सोडतात. घरट्यातून त्या दिवशी पिल्लं निघतीलच असं कोणी सांगू शकत नाही, म्हणून दोन रात्रींचा मुक्काम ठेवावा.

तारखेबरोबर तिथीही बघा. कोकणातला जुना हिशोब असा की तिथीचा पाऊणपट केला की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या पुढे. दुपारची वेळ तीच साधारण रात्रीची, आणि भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण बेत आखायला एवढं पुरतं. संध्याकाळी ओल्या वाळूवर लांबवर चालायचं असेल तर पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपास जावं, तेव्हा सूर्यास्ताला पाणी आत गेलेलं असतं. अष्टमीच्या सुमारास त्याच वेळी पाणी वर असतं आणि चालायला अरुंद पट्टी उरते. हरिहरेश्वरच्या कड्याखालची प्रदक्षिणा फक्त ओहोटीत करावी, आणि पाणी वळण्याआधी बाहेर पडावं. तिथल्या खडकांवरून माणसं वाहून गेली आहेत.

फोनवर काय विचारायचं

फोन दुपारी चारनंतर करावा. अकरा ते तीन घरची माणसं वाढण्यात असतात, तेव्हा मिळालेली उत्तरं घाईची असतात.

पहिला प्रश्न: खोली मूळ घरात आहे की मागच्या बाजूच्या नव्या बांधकामात? जाहिरातीत फोटो ओटीचा आणि झोपाळ्याचा असतो, आणि प्रत्यक्षात झोपायला मिळते ती पोफळीच्या बागेत मागाहून बांधलेली स्लॅबची खोली. तशी खोली वाईट नसते, लहान मुलं किंवा गुडघे दुखणारी माणसं बरोबर असतील तर तीच सोयीची. पण जुन्या घरासाठी जाणाऱ्याची निराशा होते. नुसतं ‘जुनं घर आहे का?’ असं विचारलं तर उत्तर ‘हो’ असंच येईल, कारण घर जुनं असतंच.

मूळ घरातली खोली असेल तर पुढचं विचारा. माजघरालगतची की माळ्यावरची? कौलांखाली तक्तपोशी, म्हणजे फळ्यांचं छत, आहे का? दिवसभर तापलेली कौलं रात्री नऊ-दहापर्यंत ऊन सोडत राहतात. मधे लाकडी तक्तपोशी असेल तर खोली सुसह्य राहते, नसेल तर एप्रिल-मेमध्ये माळ्यावर झोप लागत नाही. माजघर अंधारं, पण दीड-दोन फूट जाडीच्या चिऱ्याच्या भिंतींमुळे भर दुपारी गार. संडास-बाथरूम जोडून आहे की परसात? परसात असेल तर वाटेवर दिवा आहे का? इन्व्हर्टरवर काय चालतं? बहुतेक ठिकाणी दिवा आणि पंखा, एसी नाही. मे अखेरच्या वळवाच्या वाऱ्यात तारेवर झाड पडलं की वीज काही तास येत नाही.

मग दर. कोकणात दर दोन तऱ्हांनी सांगतात: खोलीचा, किंवा माणशी, ज्यात चहा, न्याहारी आणि दोन वेळचं जेवण धरलेलं असतं. माणशी दरात मासे धरलेत का हे स्पष्ट विचारा. बऱ्याचदा त्यात शाकाहारी ताट असतं आणि मासळी त्या दिवशीच्या बाजारभावाने वेगळी. मुलांचा दर कितव्या वर्षापासून, ड्रायव्हरच्या झोपण्याची सोय कुठे, आगाऊ रक्कम किती आणि बेत रद्द झाला तर तिचं काय, हे त्याच फोनवर बोलून घ्यावं. ठरलेलं सगळं लगेच मेसेज करून ठेवा, म्हणजे ऐन सुट्टीत दोन कुटुंबांना एकच खोली दिल्याचा घोळ होत नाही.

शेवटचा प्रश्न स्वयंपाकघराचा. गुहागर, दापोलीजवळचं मुरुड, केळशी इकडच्या अनेक घरांत मांसाहार शिजत नाही आणि बाहेरून आणलेलाही चालत नाही. बाजारातून तळलेला मासा पिशवीत घालून खोलीत नेणं हा त्या घराचा अपमान आहे. तिथं राहायचं, आणि मासे खायला जवळच्या खानावळीत जायचं. हर्णैला बंदरावर दुपारनंतर मासळीचा लिलाव होतो, ती बाजू धरली तर ताजं खायला मिळतं. मालवणकडच्या घरात जाणाऱ्या शाकाहारी माणसाने भांडी आणि तवा वेगळा आहे का ते विचारावं. मद्य चालतं का, हेही आधी विचारून घ्या.

पोचताना

पत्ता घेताना गावाबरोबर वाडी किंवा आळी आणि जवळचं देऊळ विचारून घ्या. नकाशावरची खूण पुष्कळदा गावच्या मधोमध नेऊन सोडते. घर पाखाडीवर असेल तर गाडी खालीच लावावी लागते आणि सामान चिऱ्याच्या पायऱ्यांवरून हातात न्यावं लागतं. पावसात या पायऱ्यांवर शेवाळ धरतं. चाकांची मोठी बॅग तिथं निरुपयोगी, पाठीवरची घ्या.

रेल्वेने दिवेआगर-श्रीवर्धनसाठी माणगाव, दापोली-मुरुडसाठी खेड, गुहागरसाठी चिपळूण, गणपतीपुळ्यासाठी रत्नागिरी, मालवणसाठी कणकवली किंवा कुडाळ. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, सुट्टीतल्या गाड्या लगेच भरतात, म्हणून आधी तिकीट आणि मग खोली. किनाऱ्याने गाडीने जाणार असाल तर फेरीबोटी धरा: आगरदांडा ते दिघी, वेश्वी ते बागमांडला, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. गाडी बोटीतच चढते आणि खाडीचा मोठा वळसा वाचतो. शेवटची बोट किती वाजता हे घरमालकाला विचारून निघा, चुकली तर वळशाने दोन-तीन तास सहज जातात.

रात्री आठनंतर पोचणार असाल तर दुपारीच कळवा. साडेनवाला चूल झाकलेली असते आणि दहाला घर झोपतं.

काय, कधी आणि किती सांगायचं

घावन आणि आंबोळी यांत फरक करा. घावनाला तांदूळ भिजवून वाटले की पुरे, पीठ आंबवावं लागत नाही. आंबोळीचं पीठ रात्रभर आंबावं लागतं, म्हणून सकाळी उठून आंबोळी मागितली तर मिळत नाही. खापरोळीचंही तसंच. शिरवाळे म्हणजे नारळाच्या रसात खायच्या तांदळाच्या शेवया, त्या करायला दोघं लागतात: उकडलेले गरम गोळे एकाने साच्यात घालायचे, दुसऱ्याने दाबायचे, आणि गोळा निवला की साचा हलत नाही. शिवाय नारळाच्या रसाची तयारी वेगळी. त्यामुळे शिरवाळे सहा-आठ माणसांच्या पंगतीलाच सांगावेत, दोघांसाठी नाही.

उकडीचे मोदक आदल्या दिवशी दुपारपर्यंत सांगा. एका मध्यम नारळाच्या सारणात १० ते १२ मोदक होतात, आणि जेवणाबरोबर माणशी तीन-चार पुरतात. चौघांना दीड नारळाचे मोदक म्हणजे रेलचेल. मोदक वाफेतून निघाल्यावर पंधरा-वीस मिनिटांत पानात पडले पाहिजेत, नाहीतर पारी चिवट होते. म्हणून मोदकांच्या दिवशी सांगितलेल्या वेळी जेवायला बसा. मंदिरातून उशिरा आलात तर करणाऱ्याची सगळी मेहनत वाया जाते. वरचं साजूक तूप मोदकाची शेंडी फोडून आत सोडायचं.

मासळीचा अंदाज असा. किलोभराच्या सुरमईच्या डोकं-शेपूट सोडून सात-आठ तुकड्या निघतात, चौघांना तळून दोन-दोन. बांगडे मध्यम असले तर किलोत सहाच्या आसपास. तिसऱ्या (शिंपल्यातली मासळी) किलोभर घेतल्या तरी बरंचसं वजन शिंपल्यांचं, तेवढ्यात चौघांना तोंडीलावण्यापुरतं सुकं होतं. गावठी कोंबडी सव्वा ते दीड किलोची चौघांना पुरते, पण ती शिजायला ब्रॉयलरच्या दुप्पट वेळ घेते, म्हणून आदल्या दिवशी सांगावी. वडे माणशी चार धरा.

घरच्या माणसाबरोबर मासळीबाजारात जायला मिळालं तर जरूर जा. डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा, खवल्याआडचा कल्ला लाल हवा, बोट दाबलं तर खळगा लगेच भरून आला पाहिजे. पापलेट कल्ल्याजवळ दाबून पांढरट पाणी आलं तर ताजं, लालसर आलं तर सोडून द्या. तिसऱ्या मिटलेल्या असाव्यात. उघडी राहिलेली आणि टिचकी मारल्यावरही न मिटणारी तिसरी मेलेली असते. एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते: ‘पापलेटच हवं’ असा हट्ट धरू नका. ‘आज काय चांगलं आलंय?’ असं विचारा. त्या दिवशीचा ताजा बांगडा शिळ्या पापलेटाच्या कितीतरी वरचा, आणि किंमत त्याच्या काही अंशी.

बांगड्याच्या तिखल्यात अख्खी तिरफळं असतात. त्यांचा वास रश्शात उतरलेला असतो, तिरफळ स्वतः खायचं नसतं. चावलं तर जीभ काही वेळ बधिर होते आणि पुढच्या घासांची चव जाते. मुलांच्या ताटातली आधीच बाजूला काढा.

सोलकढी जेवणानंतर प्या किंवा शेवटच्या भातावर घ्या. चौघांना एक नारळ आणि आठ-दहा आमसुलं लागतात. नारळाचं दूध कच्चंच असतं, त्यामुळे उन्हाळ्यात ती चार तासांच्या पुढे बाहेर टिकत नाही, आंबूस वास येतो. बाटलीत भरून परतीच्या प्रवासाला नेण्याचा मोह नको.

ब्राह्मणी पद्धतीच्या पानात सुरुवात वरण-भात-तुपाने होते, मग पोळी-भाजी, शेवटी ताकभात. सुरुवातीच्या भाताचा ढीग घेतला की पुढे मोदकाला जागा राहत नाही. मालवणी ताटात आधी भाकरी किंवा वडे, मागून भात-कढी. वाढणाऱ्या काकूंना ‘पुरे’ हे एकदा सांगून भागत नाही. वाढप जवळ येताना पानावर हात आडवा धरायचा. पानात टाकू मात्र नका, त्या घरात तांदूळ बहुधा स्वतःच्या शेतातला असतो.

न्हाणीघर आणि रात्र

तांब्याचा बंब असेल तर पेटवल्यापासून अर्धा-पाऊण तासाने पाणी कढत होतं, आणि एका दमात दोन-तीन बादल्या निघतात. सगळ्यांनी एकदम आंघोळीची घाई केली तर तिसऱ्यानंतर कोमट पाणी येतं. बंबात खालून जेवढं पाणी काढाल तेवढं वरून ओतायचं, रिकामा बंब जळतो. रात्रीच कोण किती वाजता उठणार ते सांगून ठेवा.

दारं बुटकी आणि उंबरठे उंच असतात, पहिल्या दिवशी डोकं आणि अंगठा दोन्ही सांभाळा. सारवलेल्या जमिनीवर पाणी सांडू नका, पोपडा निघतो. पावसाळ्यात भिंतींना ओल असते, म्हणून गादी भिंतीपासून वीतभर अलग ठेवा आणि कपडे पिशवीतच असू द्या. मच्छरदाणी गादीखाली खोचल्याशिवाय तिचा उपयोग नाही.

अंधार पडल्यावर बागेत किंवा परसात अनवाणी जाऊ नका. कातळावर, चिऱ्यांच्या फटीत, पाचोळ्यात फुरसं हा विषारी साप असतो, तो लहान असतो आणि मातीच्या रंगात मिसळून जातो. बॅटरी पायाशी धरून चाला, चपला घालण्यापूर्वी झटका. कोणाला चावलंच तर जखम कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये. पाय किंवा हात हलू न देता १०८ ला फोन करायचा, नाहीतर मिळेल त्या गाडीने सरकारी रुग्णालय गाठायचं. सर्वात जवळचं रुग्णालय कोणतं, हे पोचल्या दिवशीच विचारून ठेवा.

निघताना

हिशोब आदल्या रात्रीच करून घ्या. सकाळी नेटवर्क नसलं तर फोनवरून पैसे जात नाहीत, निदान एका दिवसाच्या जेवणाएवढी रोकड जवळ असू द्या.

याच घरांतून आमसूल, कुळथाचं पीठ, आंबापोळी घेणं शहाणपणाचं. आमसूल मऊ आणि काळपट-तांबडं असावं. रसात बुडवून वाळवायची पुटं कमी दिली असतील तर ते फिकट आणि कडक राहतं आणि आमटीत दुप्पट टाकावं लागतं. आगळ आणि अमृत कोकम या बाटल्या दिसायला सारख्या, पण आगळात मीठ असतं आणि अमृत कोकमात साखर. सोलकढीला आगळ, सरबताला दुसरं. आंब्याची पेटी घेणार असाल तर प्रवासात पिकतील असे अर्धवट तयार आंबे मागा. घरी आल्यावर पेटी उघडून पेंढ्यात एकेरी थर लावा, देठ खाली, आणि रोज एकदा हात फिरवून मऊ झालेले पुढे काढा. पूर्ण पिकेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीने पिकणं थांबतं आणि आंबा आतून पांढराच राहतो.